पाचवी फेरी

“सर्व्हर बंद पडला, तर एकट्याला सांभाळता येईल?” लॅपटॉपमधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

“हाव!” प्रसेनजितच्या तोंडून निसटलं. त्यानं जीभ चावली. घाबरला की घोकलेलं ‘येस, सर’ सोडून त्याची जीभ घरच्या वऱ्हाडीकडं पळायची.

या एका नोकरीसाठी चार महिन्यांत चार फेऱ्या झाल्या होत्या. पहिलीत मशीननंच प्रश्न विचारले. दुसरीत साहेबांचं तोंडच दिसलं नाही. तिसरीत दुसऱ्या साहेबांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथीत एक बाई भेटली, ती म्हणाली, “तुमची पहिली फेरी कधी घेऊ?” ही पाचवी, शेवटची, बेंगळुरूच्या मोठ्या साहेबांची. ही हुकली तर सोमवारपासून मामाच्या दुकानात बसून जळलेल्या मोटारींना तार गुंडाळायची, असं घरात ठरलेलं. सुलतानपुरात रेंज धड मिळायची ती शेजारच्या जब्बारभाईंच्या गच्चीवर. तिथं वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी तो टाय बांधून बसला होता. आई जिन्यात राखणीला.

साहेब सावरून बसले. मग सर्व्हर कसा सांभाळायचा, ते स्वतःच सांगू लागले. चांगली दहा मिनिटं सांगितलं.

“जुनी सिस्टीम बंद न करता नवी चढवता येईल?”

“हाव.” मेलो, पुन्हा तेच!

साहेबांनी चष्मा पुसला. कागदावर चौकोन काढले, खोडले, पुन्हा काढले.

“आणि हे सगळं निम्म्या वेळात?”

“हाव.”

आता साहेबांना घाम फुटला.

आई जिन्यातून कुजबुजली, “काऊन रे, मघापासून तोच बोलून राह्यला. इंटरव्ह्यू तुहा हाये का त्याचा?”

प्रसेनजितनं माइकवर हात ठेवला. “चूप बस ना वं माय!”

साहेब घटाघटा पाणी प्यायले. म्हणाले, “चाळीस मुलं तपासली. काहीही विचारा, ‘येस, सर’. तुम्ही पहिले, ज्यांनी दर वेळी मलाच उलट विचारलं, ‘हाऊ?’ शेवटचं तर माझं मलाच सांगता येईना. असाच माणूस हवा होता. सोमवारी रुजू व्हाल?”

“हा...”

प्रसेनजितनं उरलेला शब्द दातांखाली धरला, गिळला आणि टाय नीट करत म्हणाला, “येस, सर.”