सात सेकंद आणि एक पंचमांश

मैदानाच्या कडेला चिंतामणीने मांडलेल्या वस्तू अशा होत्या: दोन स्टॉपवॉच, एक थर्मामीटर, दवाखान्यातून आणलेला वजनकाटा, बुटांचे दोन जोड, बँडेजची एक गुंडाळी, एक नोंदवही आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली. माणसं दोनच होती. एक तो स्वतः आणि दुसरा कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला दौलतराव.

"परत?" दौलतरावने लांबूनच विचारलं.

"परत."

"सकालधरनं हे चौथं, साहेब. घाण्याच्या बैलालापन डोल्यांवर झापड मिलते."

चिंतामणीने रुमाल खाली टाकला. दौलतराव धावला. झेंड्यापासून मधल्या रेषेपर्यंत, पन्नास यार्ड. चिंतामणीने दोन्ही घड्याळं एकदम दाबली. दोन्हींत सात सेकंद आणि एक पंचमांश.

"किती?"

"तेवढेच."

दौलतराव थुंकला आणि तिथंच गवतावर बसला.

अंबरनाथच्या त्या कारखान्यात चिंतामणी प्रयोगशाळेत होता. बी.एस्सी. होऊन दोनच वर्षं झाली होती. जुने सेक्रेटरी विष्णुपंत निवृत्त झाले आणि फुटबॉलचा संघ त्याच्या गळ्यात पडला. त्याने कधी चेंडूला पाय लावला नव्हता, पण मोजमापाला तो पक्का, म्हणून.

दौलतराव मोरिवलीचा. एकोणपन्नास सालापासून संघाचा लेफ्ट बॅक. हजेरीपटावर तो स्टोअरमधला मदतनीस होता, पण सहा वर्षांत त्याने एक खोका उचललेला नव्हता. त्याचं काम एकच, समोरच्याचा चेंडू अडवणं. नोकरी त्यावर, चाळीतली खोलीही त्यावर. यंदा मात्र दोन सामन्यांत तीन गोल त्याच्या बाजूने झाले होते. नेहमीच्या अंदाजाने तो धावून जायचा आणि चेंडू दोन पावलं पुढेच असायचा.

कामगार कल्याण अधिकारी शरदचंद्र यांनी चिंतामणीला बोलावून विष्णुपंतांची वही पुढे सरकवली होती. 'दौलतराव. झेंडा ते मधली रेषा, पन्नास यार्ड. सहा सेकंद, दोन पंचमांश.' तारीख, सही, सगळं व्यवस्थित.

"बॅकला सहा सेकंद, चार पंचमांश चालतील. त्याच्या वर एक ठोकाही नको," ते म्हणाले होते. "आणि मला मतं नकोत, आकडे द्या. पुढच्या सोमवारी मी स्वतः येईन."

म्हणून गेले नऊ दिवस हे चाललं होतं. जुन्यांपैकी संघात दौलतराव एकटाच उरला होता. ताडून पाहावं असं दुसऱ्या कुणाचं जुनं टिपण वहीत नव्हतं.

चिंतामणीने आधी बुटांवर संशय घेतला. यंदा बूट सक्तीचे झाले होते. त्याने दौलतरावला अनवाणी पळवलं. सात आणि एक पंचमांश. मग संशय हिरवळीवर घेतला. पावसाळ्याआधी मैदान नव्याने केलं होतं, गवत दाट होतं. ते कापून घेतलं. तेवढेच. मग सकाळी, संध्याकाळी, उपाशीपोटी, जेवून दोन तासांनी. वजन तर तीन पौंडांनी कमीच भरलं. घड्याळं त्याने स्टेशनमास्तरांच्या घड्याळाशी लावून तपासली. बिनचूक होती.

"अहो, तुम्ही मन लावून पळता तरी का?" तो शेवटी वैतागून म्हणाला.

"मंग काय हसत पलतो?" दौलतरावही चिडला. "घरात बायको इठा रोज दुधाचा पेला पुढं करते. तिला वाटतं मना क्षय झाला. गोलकीपर म्हनतो, दौलतदादा, काठी आनू का? आनि तुमी माजी थुंकी सोडून समदं मोजलंत."

"तुमच्यासाठीच चाललंय हे."

"ठाव हाय. म्हनून तर पलतोय."

चिंतामणीने हवेचं तापमान टिपून घेतलं.

सोमवारी शरदचंद्र आले. चिंतामणीने एक घड्याळ त्यांच्या हाती दिलं. दौलतराव तीनदा धावला. तिसऱ्यांदा रेषेपलीकडे कोसळला आणि गुडघा सोलून निघाला. तिन्ही वेळा सात सेकंद, एक पंचमांश.

"अजून एकदा, साहेब," चिंतामणी म्हणाला. "जरा दम खाऊ दे त्यांना."

"ऱ्हाऊ द्या," दौलतरावच म्हणाला. तो गुडघ्याची माती झाडत होता. "घड्याल कशाला खोटं बोलंल? वय झालं, दुसरं काय."

तो तिशीचा होता.

त्याने राजीनाम्याच्या कागदावर सही केली. आठवड्याने खोलीची किल्ली आणून दिली आणि उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंध्याच्या बेकरीत भट्टीवर लागला. जाताना बूट मात्र नीट पुसून परत केले.

त्याच्या जागी परळच्या एका गिरणीच्या संघातला बावीस वर्षांचा बॅक आणला. सोबत तिथल्या सेक्रेटरीचं पत्र होतं: पन्नास यार्ड, सहा सेकंद, तीन पंचमांश. चिंतामणीने रुमाल टाकला. पोरगा वाऱ्यासारखा गेला.

सात सेकंद, दोन पंचमांश.

"घड्याळ बिघडलंय तुमचं, मास्तर," पोरगा हसत म्हणाला.

चिंतामणीने घड्याळाकडे पाहिलंही नाही. तो बराच वेळ झेंड्याकडे पाहत उभा राहिला. मग स्टोअरमध्ये गेला आणि शंभर फुटी टेप मागितला.

"मैदानावर टेप कशाला?" कारकुनाने विचारलं. "पावसाळ्याआधी मागची दोन शेतं घेऊन ते वाढवलं, तेव्हाही कुणी नेला नव्हता."

चिंतामणीने झेंड्यापासून मधल्या रेषेपर्यंत टेप दोनदा ताणला, आणि उलट दिशेने पुन्हा दोनदा. मग नोंदवही उघडून आकडा लिहिला.

सत्तावन्न यार्ड, एक फूट.