तृप्तीच्या पुस्तकातली चूक

मधल्या सुट्टीत नववीतल्या अफसानाच्या हातातली चित्रकादंबरी चित्रकलेच्या हिंगमिरेबाईंनी ओढूनच घेतली. मुखपृष्ठावर बाईंच्या कॉलेजातल्या वर्गमैत्रिणीचं, तृप्तीचं नाव होतं. तेव्हा चित्रकलेचं पहिलं बक्षीस दरवर्षी बाईंना मिळायचं, तृप्तीला दुसरं.

बाई चुका शोधतच पानं उलटू लागल्या. परग्रहावरचं शहर, हवेत तरंगणाऱ्या विहिरी, त्यांतून चांदणं शेंदणाऱ्या बायका. बाईंचा नुसता जळफळाट झाला. अखेर एक चूक सापडली.

"बघ, एकाच झाडाच्या दोन सावल्या! एवढंही कळत नाही हिला."

"बाई, तिथं दोन सूर्य आहेत ना!" अफसाना म्हणाली.

बाईंनी ते पान पुन्हा नीट पाहिलं. वीस वर्षं बाई वर्गात फुलदाणीची एकच सावली शिकवत होत्या. घंटा झाली, तरी पुस्तक त्यांच्या हातून सुटेना.

"उद्या देते," त्या म्हणाल्या, "पुढं काय होतं ते बघू दे."