जिन्यातली शांतता

जर्मनीत लाइपझिगमधल्या त्या इमारतीत दुपारी एक ते तीन कुणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही, असा नियम. नेमकी त्याच वेळी वरच्या मजल्यावरची सात वर्षांची सामरावित शाळेतून यायची. एरिट्रियाहून नुकतीच आलेली पोर. बाईंनी वर्गात शिकवलेला जर्मन नमस्कार जिन्यात भेटेल त्याच्या डोळ्यांत बघून खणखणीत म्हणायची, "गुटन टाग! माझं नाव सामरावित. तुमचं?"

खालच्या मजल्यावरच्या वेंटबाईंनी नाव कधी सांगितलं नाही. पोर जिन्यात ओरडते, अशी तक्रार घेऊन त्या तडक इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेल्या.

"ओरडते म्हणजे नक्की काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"गुटन टाग म्हणते! रोज! ऐन विश्रांतीच्या वेळेत!"

"मग सांगून टाका की नाव."

"मी का सांगू? नियम म्हणजे नियम!"

त्यानं मुलीच्या आईला समज दिली. दुसऱ्या दिवसापासून सामरावित बूट हातात घेऊन, मान खाली घालून गुपचूप जिना चढू लागली.

***

आठवड्याभरानं बेकरीत पाव घेता घेता वेंटबाई शेजारणीला म्हणाल्या, "आपल्या देशात येऊन राहतात, पण साधं गुटन टाग म्हणायला काय जीभ झडते का हो या लोकांची?"