गोठ्यातली पारख

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," सर्जेरावअण्णा मशीनवाल्याला तिसऱ्यांदा म्हणाले.

गोठा धुवायला जोरदार फवाऱ्याचं मशीन घ्यायचं होतं. पहिल्याचा आवाज फार, दुसऱ्याच्या धारेत दम नाही. तिसऱ्याने फरशीवरचं वाळलेलं शेण एका झटक्यात उडवलं, तरी अण्णांचं समाधान होईना.

"फरशी कुणीबी धुतंय. माझी नवी म्हैस धुऊन दाव!"

दुसऱ्याच वेताची, म्हणजे ऐन तरुण म्हणून, ही काळीभोर म्हैस त्यांनी रविवारच्या बाजारात स्वतः पारखली होती. तेव्हापासून ते अख्ख्या गावाला पारख शिकवत होते.

मशीनवाल्याने धार मऊ करून म्हशीच्या डोक्यावर सोडली. शिंगांवरून काळा रंग ओघळला आणि त्याखाली शिंगांवर वर्षाला एक याप्रमाणे पडणारी वयाची कडी दिसू लागली. अण्णांच्या बायकोने ती मोठ्याने मोजली. "अकरा, बारा... अवो, ही तर आपल्या लग्नाला आलेली दिसतीय!"

मशीनवाला हळूच म्हणाला, "मग हेच पॅक करू ना, अण्णा?"

"नगं. ते दुसरं दे, बिनदमाचं," अण्णा म्हणाले. "येत्या रविवारी हिला बाजारात न्यायचंय." मग बायकोकडे वळले, "पोरांच्या बुटाचं पॉलिश कुठं ठेवलंयस?"