रायभानचा पटका

दुधाचा तांब्या रायभानच्या उजव्या हातातून सुटला आणि घरंगळत चुलीपाशी गेला.

"काय पडलं वो?" केवळाबाईनं विचारलं.

"तांब्या. दूध गेलं सगळं."

"गेलं तर गेलं. तांब्या उचला. उजव्यानं."

"डाव्यानं उचलला तर तुला काय दिसणार हाय?"

"उजव्यानं उचलला की तांब्या भुईला दोनदा घासतोय. कळतंय मला."

रायभाननं उजवा हात पुढं केला. तांब्या दोनदा घासला.

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. त्या साली शिमग्याला रायभानच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला, हात मात्र लोंबत राहिला. चारठाण्याच्या शिवारात मेंढरं कातरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आता त्याला डोक्याचा पटकाही बांधता येईना. केवळाबाई घास भरवायची, पटका बांधून द्यायची. तो दिवसभर बाजेवर बसून राहायचा.

दोघांना मूलबाळ नव्हतं. चुलतभाऊ चंद्रभान म्हणाला, "दिवाळीपातुर वाट बघतो. कातरणी जमली न्हाई तर मेंढरं माझ्या कळपात घाला अन् तुमी दोघं माझ्या दारात ऱ्हावा." त्याच्या मनात काही खोट नव्हती. पण दुसऱ्याच्या दारातली भाकरी गोड लागत नाही, हे रायभानला ठाऊक होतं.

मग एके दिवशी केवळाबाई एकटीच परभणीला डॉक्टरकडे जाऊन आली. आली ती थेट शेजारच्या कासाबाईकडे. डोळे चोळत ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "हाताला औषध न्हाई म्हणतो डागदर. काम हेच औषध. रोजचं सगळं त्यांचं त्यांनाच करू द्यायचं."

"मग करू दे की."

"मी धडधाकट दिसले तर ते काडी हलवायचे न्हाईत. म्हणून मी आंधळं व्हायचं ठरवलंय."

कासाबाईला हसू आवरेना. "कवापातुर?"

"ते आपल्या हातानं पटका बांधतील तवापातुर. पर ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको."

कासाबाईच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं. पण शेजारणीच्या कुंकवाचा प्रश्न होता. तिनं जीभ दाताखाली धरली.

दुसऱ्या दिवशी केवळाबाईनं नवऱ्याला सांगितलं, "मला दिसंना झालंय." रायभान लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून चुलीपुढं बसला, कारण कुणीतरी बसायलाच हवं होतं.

पहिल्या दिवशीची भाकरी कुत्र्यानंही हुंगून सोडली. केवळाबाईनं मात्र चवीनं खाल्ली. डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे तिनं तांब्याच्या गळ्याला चिंध्या गुंडाळायला लावल्या, हात निसटू नये म्हणून. कातरीच्या दांड्यांवर लोकर बांधायला लावली. मुठीत लोकरीचा गोळा देऊन म्हणायची, "शंभरदा दाबा. मी मोजते." तो सत्तरवर थांबला की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. बाई गोड होती, पण कामाच्या बाबतीत फौजदार होती.

आषाढात रायभान पीठ मळू लागला. नागपंचमीला त्यानं शेळी पिळली. पोळ्याला त्यानं बायकोची वेणी घातली. वेणी वाकडी होती, पण सुटली नाही. केवळाबाई तीच वेणी दोन दिवस मिरवत होती.

कासाबाईला केवळाबाईच्या नाटकाचं नवल वाटायचं. एकदा केवळाबाईचा पाय चुलीबाहेरच्या विस्तवावर पडला.

"अगं, इतकं खरं करायचं असतं व्हय?" कासाबाई कुजबुजली.

"खोटं बोलायचं तर नेटानं," केवळाबाई पाय चोळत हसली.

पुढं पुढं तर ती कासाबाईकडे एकटी यायचीही थांबली. "त्यांना शंका यील," म्हणायची. कासाबाईच तिचा हात धरून घेऊन जाई आणि पोहोचवून देई. बारा पावलांची वाट, पण नाटक म्हणजे नाटक.

"एवढी घाई कशाला करायलीस?" कासाबाईनं एकदा विचारलं. "हात काय, शिमग्यापातुर बी सुधरंल."

"न्हाई. दिवाळीच्या आत झालं पायजे," केवळाबाई म्हणाली. कासाबाईला वाटलं, चंद्रभानच्या मुदतीमुळे.

दिवाळीच्या चार दिवस आधी रायभाननं मेंढरांच्या वाड्यात पहिली मेंढी आडवी केली. कातर आधी अडखळली, मग चालू लागली. काळी लोकर एकसंध उतरली. मेंढीच्या अंगावर कुठं ओरखडा नाही. चंद्रभाननं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मेंढरं तुजीच. माझ्या घरची बी कातरून दे."

बघायला आलेल्या कासाबाईच्या चाळणीतून तेव्हा पाणी गेलंच.

"भावजी, तिला दिसतंय! तुमच्या हातासाठी नाटक केलं तिनं, सहा महिने!"

रायभाननं कातर खाली ठेवली. मग हसू लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. सहा महिने रोज त्यानं देवाला तिचे डोळे मागितले होते. त्यानं वाड्याच्या खुंटीवरचा पटका काढला आणि दोन्ही हातांनी, पेचावर पेच घेत बांधला. बारा हात पटका कुठं ढिला पडला नाही. कासाबाईला त्यानं खुणेनं गप्प केलं आणि अनवाणी पायांनी अंगणात गेला. वाड्यात मेंढरं कलकलाट करत होती. केवळाबाई ओट्यावर बसली होती. तो तिच्यापुढं हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला.

कासाबाई मागून ओरडली, "केवळा, कळलं गं त्यांना! मेंढी बी कातरली अन् पटका बी बांधला. आता सोड नाटक, बघ की!"

केवळाबाईचा चेहरा उजळला. ती गडबडीनं उठली, पदर सावरला आणि वाड्याच्या दिशेनं मान वर करून म्हणाली,

"आपल्या हातानं बांधला? कुटं हायेत गं ते? बोलीव ना त्यांना, हात लावून बघते."

रायभाननं उजवा हात पुढं केला आणि तिचा हात धरून आपल्या पटक्यावर ठेवला.