भिंतीवरचं बोट

छप्पन सालच्या पौषात आम्ही साताऱ्याच्या चौघी शिक्षिका कुंभकोणमहून भाड्याच्या मोटारीनं तंजावरचं मोठं देऊळ पाहायला गेलो. माहिती सांगायला सेतुराव होते, कुंभकोणमच्याच जुन्या मराठी घराण्यातले. देवळाच्या भिंतीवर भोसले राजांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. त्यावर बोट ठेवून सेतुराव खणखणीत वाचू लागले. मैत्रिणी माना डोलावत होत्या. माझे डोळे मात्र सवयीनं अक्षरांवर गेले. ते म्हणत होते ते शब्द बोटाच्या चार ओळी वर होते. त्यांची चूक सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट दगडावरच थबकलं. मीही मान डोलावली.  संध्याकाळी कुंभकोणमला परतल्यावर त्यांच्या घरी कॉफीला थांबलो. ओट्यावर त्यांचे वडील बसले होते. डोळे गेलेले. चाळीस वर्षं पाहुण्यांना ती भिंत त्यांनीच वाचून दाखवली होती. सेतुराव आत गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "तुम्ही मास्तरीण, म्हणून पुसतों. मज अक्षर कधीच येत नव्हतें. बापाचें ऐकून पाठ केलें, अदमासानें बोट ठेविलें. माझा सेतू तरी वाचतो ना?" दारात सेतुराव कॉफीचे पेले घेऊन उभे होते. तीस वर्षांत मी कुणाला अर्धा गुणही फुकट दिला नव्हता. "वाचतात," मी म्हणाले. "ओळीवर बोट ठेवून वाचतात."