आडवं माप

पिन इतकी चकचकीत होती, की तिच्यात बघून भांग पाडता आला असता. लेथपाशी उभ्या टर्नरबाईने ती जाडजूड लोखंडी कांब दोन्ही हातांत तोलली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"कशी केलीय?" ऑपरेटरकाकांनी विचारलं. कालची अख्खी दुपार त्यांनी ग्राइंडर आणि पॉलिश पेपर घेऊन पिनेपाशी घालवली होती. "तुझ्या वडिलांकडे मी कधी मळकी वस्तू आणली नाही. टोकांना कड उभी राहिली होती, तीही घासून टाकली. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. तू फक्त हिच्याकडे बघायचं आणि दुसरी करायची."

बाईने व्हर्नियर लावला. मधे बासष्ट मिलिमीटर. दोन्ही टोकांनाही बासष्ट.

"काका, गंज पुसलात ते बरं केलंत. पण मापही पुसून टाकलंत."

"म्हणजे?"

"पिन मधे झिजते, टोकांना झिजत नाही. ती कड होती ना, तेच तर खरं माप होतं."

काका मटकन स्टुलावर बसले. खडीच्या यार्डातलं ते खोदायचं मशीन सगळ्यांच्या लेखी म्हातारी होतं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, आणि म्हातारीचं माहितीपुस्तक उंदरांनी वाचून संपवलं होतं. बकेट मशीनच्या लांब हाताला जोडणारी ही पिन निकामी झाल्यापासून म्हातारी आठवडाभर उभी होती. उद्या चार वाजेपर्यंत ती चालली नाही तर कापून भंगारात घाला, असं मालकांनी सांगून टाकलं होतं. काका सव्वीस वर्षं तिच्यावर बसत होते. दुसऱ्या कुठल्या मशीनवर बसायची त्यांची इच्छाही नव्हती आणि वयही.

"चौसष्ट धर," काका म्हणाले. "नाहीतर पासष्ट. अंदाजाने."

"अंदाजाने मी चहात साखर घालते. उठा, म्हातारीकडे जाऊ."

यार्डात गॅसकटरवाला आदल्या दिवशीच येऊन सावली धरून बसला होता. पाइप, सिलिंडर, चष्मा, सगळं तयार. "कशाला घाम गाळताय?" तो म्हणाला. बाईने त्याच्याकडे टॉर्च दिली आणि धरून उभं राहायला सांगितलं. तो मुकाट्याने उभा राहिला.

ती बकेटखाली आडवी झाली. पिन ज्या दोन कानांत अडकते, त्यांची भोकं तिने आधी बोटाने चाचपली, मग मापली. उभं माप आलं पासष्टला थोडं कमी.

"बघ, पासष्ट!" काका वरून म्हणाले.

"थांबा हो. ओझं खालीवर, म्हणून भोक उभं झिजलंय. आडवं त्याला कोणी त्रासच दिला नाही." तिने व्हर्नियर फिरवला. साडेत्रेसष्ट. दुसऱ्या कानातही आडवं साडेत्रेसष्ट. ती खाली पडल्या पडल्याच हसली.

"काय झालं?"

"अडीच इंच, काका. बरोब्बर अडीच. तुमची म्हातारी मिलिमीटर शिकलेलीच नाही."

मग घाई झाली, पण गडबड झाली नाही. दोघांनी मिळून मशीनच्या हाताच्या भोकातला झिजलेला बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती जाड नळी, घण मारून बाहेर काढला. तो बाहेरून जसाच्या तसा होता, म्हणजे नव्या बुशचं बाहेरचं माप मिळालं. "हा तुमच्या पॉलिश पेपरच्या तावडीतून सुटला, नशीब त्याचं," बाई म्हणाली. काका पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने लेथवरून पिन उतरवली, अडीच इंचाला केसभर कमी. सोबत नवा बुश. पिन काळपट करडी, चमक अजिबात नाही. काकांनी खिशातून फडकं काढलं. बाईने नुसतं बघितलं. फडकं खिशात परत गेलं.

बुश ठोकून बसवला. कानांतून पिन सरकवताना काका एका हाताने बकेट धरून होते, दुसऱ्या हाताने देवाला. दोन ठोके हलके, एक जोराचा, आणि पिन जागेवर बसली. ग्रीस भरलं. चारला दहा मिनिटं होती.

"एक सांगू?" केबिनमध्ये चढता चढता काका थांबले. "म्हातारीने बकेट उचलली, की ढिल्या पिनेची खडखड पार आमच्या घरापर्यंत जाते. इंजिन ऐकू येत नाही तिथे, पण ती खडखड येते. पंधरा वर्षं बायको त्या आवाजावर घड्याळ लावतेय. आठवडाभर तिला काही सुचत नाहीये."

इंजिन सुरू झालं. बकेट उचलली, खाली आली, खडीत घुसली, भरून पुन्हा वर गेली. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी ती रिकामी केली, पुन्हा भरली. काहीतरी हरवल्यासारखे ते इकडेतिकडे बघू लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इंजिन मंद करून त्यांनी तो कानाला लावला, तरी पलीकडचा आवाज खाली उभ्या असलेल्या दोघांना स्पष्ट ऐकू आला.

"चार वाजून गेले हो. कसलाच आवाज नाही. कापली ना शेवटी?"

"नाही गं. चालू आहे. बकेट भरलेली आहे माझ्या समोर."

"खोटं नका बोलू. मग आवाज कुठाय?"

काकांनी केबिनमधून खाली बघितलं. बाई चिंध्यांना हात पुसत होती. गॅसकटरवाला त्याचा पाइप गुंडाळत होता.